मिटक्या पेटीतलं जेवण

४ जून

भिंगरे,

तुला एक आजी आहे. उंचीला बेताची, जिभेला लांब, डाव्या गालावर मस. आठवते का? नसेल आठवत तर लहानपणीचा तो फोटो काढ, ज्यात तू भोकाड पसरलंयस आणि कुणीतरी तुझा कान धरलाय. तो हात माझा. लोक किल्ल्या विसरतात, छत्र्या विसरतात. तू अख्खी आजी विसरलीस, म्हणजे नोकरीत तुझी प्रगती जोरात चालली असणार.

फोन का केला नाही म्हणशील. इथला फोन व्हरांड्यात आहे आणि त्याच्यासमोरच्या बाकावर कायम तीन-चार जोडी कान बसलेले असतात. मला सांगायचंय ते अशा कानांसाठी नाही. म्हणून हे पत्र. मला अक्षर येत नाही हे तरी विसरली नसशील. लिहिणारा हात शेजारच्या खाटेवरच्या मास्तरीणबाईंचा आहे. जन्मभर पोरांचे निबंध तपासले, आता माझं बोलणं तपासतात. मी दहा शब्द बोलले की कागदावर सहाच उतरतात असा मला दाट संशय आहे. बाकीचे कुठे जातात विचारलं, तर म्हणतात, "त्या शिव्या होत्या, आजीबाई."

पाय बरा आहे. मोरीत पडून मोडलेलं हाड डॉक्टरांनी स्क्रू घालून बसवलंय. सकाळी एक दांडगट बाई येऊन मला कठड्याला धरून चालवते. हे आरामघर तूच सुचवलंस, "आमच्या कंपनीचा प्रोग्राम तिथे चालतो, सगळं व्यवस्थित असतं" म्हणून. तेव्हा इथल्या व्यवस्थेचा हिशेब मी तुझ्याकडेच मागणार.

आल्या आल्या जेवण छान होतं. भात मोकळा, भाजीच्या फोडी दिसायच्या, पावाच्या कडा कुरकुरीत. फक्त मीठ कमी. मी तसं सांगितलं. सांगणं हा काही गुन्हा नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी एक चष्मेवाली बाई कॉम्प्युटर घेऊन बसते. कुणी काय खायचं ते तिथून ठरतं आणि आत कागद निघतो. तिने माझी तक्रार लिहून घेतली, गोड हसली, आणि दुसऱ्या दिवशी माझा भात लगदा होऊन आला. भाजी कुस्करलेली, पावाच्या कडा कापलेल्या. मीठ होतं तेवढंच.

वाढणारीला विचारलं, तर म्हणे, "आजी, तुमच्या नावावर मऊ आलंय."

"कुणी आणलं?"

"स्क्रीनवर आलंय."

काल असलेलं आज नाही आणि कुणी केलं ते कुणालाच ठाऊक नाही! भिंगरे, कुठेतरी पाणी मुरतंय. त्या कॉम्प्युटरात कोण काय करू शकतं ते मला लिही. आणि लवकर लिही. दातांनी फोडायची सवय असलेली म्हातारी आहे मी, फार दिवस लगदा गिळत बसणारी नव्हे.

तुझी (आठव) आजी


१३ जून

भिंगरे,

तुझं पत्र आलं. मास्तरीणबाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं. मध्येच एका ठिकाणी घसा खाकरून पुढे गेल्या. तिथे काय होतं ते सांगत नाहीत. मी लक्षात ठेवलंय.

तू म्हणतेस, स्वयंपाकघराच्या कॉम्प्युटरातली ती खिडकी तूच बांधलीस. त्या खिडकीला तुम्ही लोक डायलॉग म्हणता म्हणे. बोलते तर कधी दिसली नाही. बाकी तू समजावलंस ते मी माझ्या डोक्यात असं बसवलंय, चुकलं तर सांग. माणसाला यादीतलं काही निवडू द्यायचं, तर यादी मांडायच्या तऱ्हा चार. निवडायच्या गोष्टी थोड्या असतील तर सगळ्या उघड्यावर मांडायच्या आणि प्रत्येकीपुढे एक गोल काढायचा. एकाला टिंब दिलं की दुसऱ्याचं पुसतं. एकीपेक्षा जास्त घ्यायच्या असतील तर गोलाऐवजी चौकोन. खूप असतील तर वर-खाली सरकणारी लांब यादी. आणि जागा अडचणीची असेल तर मिटकी पेटी, ज्याला तुम्ही ड्रॉपडाऊन म्हणता. टिचकी मारली की उघडते, एक निवडलं की मिटते, आणि निवडलेलं तेवढं वर दिसत राहतं. जेवणासाठी तू ही मिटकी पेटी घेतलीस. आत चार प्रकार, एकाखाली एक: साधं, मऊ, वाटलेलं, पातळ. "किती सुटसुटीत दिसतं, आजी!" असं लिहिलंयस.

दिसत असेल. मी जेवते, बघत नाही.

खरी गोम पुढेच. तू लिहितेस, की त्या पेटीत माणसाने हाताने निवडल्याशिवाय काही बदलत नाही. मशीन आपल्या मनाने काही करत नाही. बरं. मशीन करत नाही, स्वयंपाकी करत नाही (त्याला मी मावशी म्हणवून घेऊन फोडलाय, तो कागदावर येईल तेच शिजवतो), म्हणजे हे काम माणसाचं. कुणीतरी मुद्दाम हात घालतंय.

ऐक. मऊ भाताची तक्रार मी शुक्रवारी केली. शनिवारी जेवण वाटून आलं. भात, डाळ, भाजी, तिन्हीचा एक रंग. मी पुन्हा तक्रार केली, जरा चढ्या आवाजात. सोमवारपासून पातळ. वाटीत पाणी, पाण्यात कशाचा तरी वास. मी जेवढं तोंड उघडते तेवढं जेवण पातळ होत जातं. याला शिक्षा म्हणतात, भिंगरे.

आणि रविवारी मी काय पाहिलं माहीत आहे? तुझी आई. मला भेटून निघाली, आणि जिन्याकडे न जाता त्या चष्मेवालीच्या टेबलाशी थांबली. दोघी स्क्रीनवर वाकल्या होत्या. तुझी आई बोटाने काहीतरी दाखवत होती, चष्मेवाली मान हलवत होती. माझी चाकाची खुर्ची दारात आली, तशा दोघी सरळ झाल्या.

आता डॉक्टरांचं ऐक. येतात, माझ्याकडे बघत नाहीत, हातातल्या पाटीवर बघतात. "तुम्ही पातळ आहारावर आहात, आजी. गिळता येत नाही तोवर घरी कसं सोडू?" मी म्हटलं, अक्रोड आणा, दातांनी फोडून दाखवते. ते हसले. म्हाताऱ्या बायकांना बघून हसतात तसं.

म्हणजे जोवर त्या पेटीत माझ्या नावापुढे पातळ आहे, तोवर मी इथेच. हे कुणाच्या सोयीचं आहे, तूच विचार कर. परवा तुझी आई माझ्या ब्लाऊजची बटणं लावता लावता सहज म्हणाली, "घरी मिक्सर घेतलाय, आई." आमच्या घरात इतकी वर्षं मिक्सर नव्हता. आत्ता कुणासाठी? मला जन्मभर वाटलेलंच घालायचा बेत ठरलेला दिसतोय.

मी काही म्हणत नाही. तू समजूतदार आहेस.

आजी


२१ जून

भिंगरे,

तू समजूतदार आहेस असं मी म्हटलं होतं. ते शब्द मी परत घेते.

आईला पत्र लिहायला तुला कुणी सांगितलं? तीन वर्षांत तिला एक ओळ लिहिली नाहीस, आणि लिहिलीस ती ही? मी तुला माझ्या मनातलं सांगितलं. मनातलं सांगणं वेगळं आणि दारावर चिकटवणं वेगळं.

काल ती आली. नेहमीसारखी बटणांचं दुकान बंद करून. हातात डबा होता, त्यात पातळ सूप. स्टुलावर बसली आणि पिशवीतून पुठ्ठा काढून त्यावर बटणं शिवायला लागली. गिऱ्हाइकाचं काम राहिलं होतं म्हणाली. तुला ठाऊक आहे, तिला राग आला की हात रिकामा ठेवत नाही. पुठ्ठ्याचा अर्धा भाग भरला तेव्हा बोलली.

"आई, मी तुम्हाला उपाशी मारतेय का?"

"कोण म्हणतं?"

"तुमची नात."

मी म्हटलं, "ती लहानपणापासून उतावळी आहे."

"तिला कुणी सांगितलं?"

मी सूप प्यायले. भिंगरे, मला सूप आवडत नाही, पण त्या वेळी वाटी तोंडाला लावणं बरं वाटलं. वाटी खाली ठेवली तेव्हा तिने सुई पुठ्ठ्यात टोचून ठेवली होती. डोळे लाल होते. दुकानात धूळ फार असते म्हणाली. जाताना मला विचारलं, "तुम्हाला माझ्याकडे परत यायचंय ना? की नकोय? तसं सांगा, मी डॉक्टरांच्या मागे लागायची थांबते."

मी म्हटलं, "बघू."

"बघू" का म्हटलं ते विचारू नकोस. डॉक्टरांच्या मागे ती कशासाठी लागते आहे, ते मला कुठे ठाऊक आहे? सोडा म्हणून, की ठेवा म्हणून? मी तिथे नव्हते. डोळे लाल असले म्हणजे माणूस खरं बोलत असतो असं नाही. तुझ्या आजोबांचे डोळे कायम लाल असायचे.

मला वाटतं, तिला माझी

(पुढचं वाक्य मी लिहिणार नाही. आजीबाई उद्या स्वतःच पस्तावतील. – मास्तरीण)

बघितलंस? माझ्या पत्रात माझंच वाक्य अडवलं. मी काय म्हटलं ते तुला कळायचं नाही, पण तू हुशार आहेस.

तुमचं तीन वर्षांपूर्वीचं भांडण मी दाराआडून सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, दुकान सांभाळ. तू म्हणालीस, "मी काय आयुष्यभर लोकांची बटणं निवडत बसू?" आणि आता तू कुठल्याशा कंपनीत बसून खिडक्यांना बटणं लावतेस. यावर मी इतके दिवस हसले नव्हते, आज हसते. रागावू नकोस.

माझं जेवण अजून पातळच. रोज तक्रार करते. चष्मेवाली रोज लिहून घेते, रोज म्हणते, "साधं केलंय हो आजी, आजपासून साधं." चेहरा अगदी गरीब गाईसारखा. पक्की आहे.

मी मास्तरीणबाईंनाही सांगितलं, तुम्हीही तक्रार करा, मिठाची. त्यांचं जेवण खरोखर वाटलेलं असतं, कारण आजारात घशाची एक बाजू लुळी पडली, घास भलतीकडे उतरतो. त्या नको नको म्हणत होत्या. मी म्हटलं, दोघींनी ओरडलं की कुणालातरी ऐकावं लागेल. आत्ता लिहिता लिहिता त्या मान हलवतायत, पण करतील. माझ्या शब्दाबाहेर नाहीत.

आईला आणखी काही लिहू नकोस. मी सांगेपर्यंत तर मुळीच नको.

आजी


२८ जून

भिंगरे,

अक्षर वेगळं दिसलं म्हणून घाबरू नकोस, आणि फार निश्चिंतही राहू नकोस. हे पत्र चष्मेवाली लिहिते आहे. होय, तीच. मी सांगते ते सगळं लिहायचं, स्वतःबद्दलचं वाईटही लिहायचं, अशी अट घालून घेतली आहे. पाळते की नाही ते देव जाणे.

मास्तरीणबाई गुरुवारी मरता मरता वाचल्या.

त्यांनी बुधवारी तक्रार केली. माझ्या सांगण्यावरून. गुरुवारी दुपारी त्यांच्या ताटात साधं जेवण आलं. मोकळा भात, फोडींची भाजी, कुरकुरीत पाव. मी आनंदाने ओरडले, "बघा! ओरडलं की मिळतं!" त्या कचरत होत्या. म्हणाल्या, चुकून आलं असेल. मी म्हटलं, आलंय तर खा, किती दिवसांनी बघताय. त्यांनी पावाची कड तोंडात घातली.

पुढचं मी सांगू शकत नाही. चेहरा निळा पडला. मी खुर्चीतून उठले, भिंगरे, मोडक्या पायावर उठले आणि घंटा बडवली. नर्सने पाठीत मारलं, मग मागून मिठी घालून पोटात दाबलं, तेव्हा तो तुकडा बाहेर पडला. आता खालच्या मजल्यावर आहेत. आवाज बसलाय. बोलू नका असं सांगितलंय, म्हणून माझ्याकडे बघून नुसत्या हात हलवतात. तो हात "जाऊ द्या" म्हणतो की "तुम्हीच केलंत" म्हणतो, ते मला कळत नाही.

रात्रभर पडून होते. तुझ्या आईवर मी किती संशय घेतला होता. पण तुझ्या आईचं मास्तरीणबाईंशी काय वाकडं? तिला त्यांचं नावही ठाऊक नाही. माझं पातळ आणि त्यांचं साधं हे जर एकाच हाताने केलं असेल, तर तो हात तिचा नाही. मग कुणाचा?

सकाळी खुर्ची ढकलत थेट चष्मेवालीच्या टेबलाशी गेले. म्हटलं, "माझ्यासमोर कर. जे रोज करतेस ते. आणि प्रत्येक वेळी मोठ्याने बोल."

ती रडवेली झाली होती. (लिही, लिही. झाली होतीस.) म्हणाली, "आजी, मी तुमचं कार्ड उघडते. हे बघा. आधी तक्रार लिहायची."

"लिही. पाणचट."

"लिहिली. तक्रार लिहिली की जेवण पुन्हा निवडून पक्कं करायचं, असा इथला नियम आहे. ही पेटी उघडली. साधं. निवडलं. दिसतंय ना, साधं?"

"मला कसं दिसणार? तू सांगतेस म्हणून दिसतंय."

"साधं आहे हो, शपथ. आता खाली जायचं, सेव्हचं बटण सगळ्यात खाली आहे." असं म्हणून तिने माऊसवरचं ते बारीक चाक बोटाने फिरवलं. काही हललं नाही. "हे चाक नेहमी पहिल्यांदा अडकतं," म्हणाली आणि आणखी दोनदा फिरवलं. मग बाजूला कुठेतरी टिचकी मारली, पुन्हा फिरवलं, तेव्हा पान सरसर खाली गेलं. बटण दाबलं. "झालं."

मी म्हटलं, "आता वर जा आणि पेटीत काय आहे ते वाच."

"साधंच आहे, आत्ताच तर..."

"वाच."

ती वर गेली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पातळ," म्हणाली. "आजी, मी हात नाही लावला. तुमच्यासमोर. मी हात नाही लावला!"

नव्हताच लावला. मी बघत होते. तिने फक्त चाक फिरवलं. आम्ही ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. पेटी मिटलेली असली तरी जागी असते, भिंगरे! निवडून झाल्यावर चाक फिरवलं की पान हलत नाही, पेटीतलं हलतं. एक खट झालं की साधंचं मऊ, आणखी एक की वाटलेलं, आणखी एक की पातळ. उलटं फिरवलं की वर. बुधवारी मास्तरीणबाईंचं निवडल्यावर तिला कुणीतरी हाक मारली, खोलीचा नंबर विचारला. तो कार्डाच्या वरच्या भागात असतो. तो बघायला तिने चाक उलटं फिरवलं.

आणि माझंच रोज का बिघडायचं? मी विचारलं. ती म्हणाली, "बाकीच्यांची कार्डं छोटी आहेत, बटण समोरच दिसतं, चाक लागतच नाही. तुमचं फार लांब आहे."

"कशाने लांब?"

ती म्हणाली, "तक्रारींनी."

तेव्हा मला हसू आलं. तिलाही आलं. (हे ती आपल्या मनाने घालते आहे, मला आधी आलं होतं.) मी जेवढं ओरडले तेवढं कार्ड लांबलं, कार्ड लांबलं तेवढं चाक फिरलं, चाक फिरलं तेवढं जेवण पातळ झालं. शिक्षा कुणी देत नव्हतं. मीच माझ्या तोंडाने माझी वाटी पातळ करत होते.

चष्मेवाली इथे लिहिते आहे, की तिची चूक नव्हती. लिहू दे. खरंच नव्हती.

ती कुणाची, ते मी सांगत नाही. तू मला लिहिलं होतंस, की माणसाने हाताने निवडल्याशिवाय त्या पेटीत काही बदलत नाही. आणि मी ते पत्र घेऊन तुझ्या आईकडे बोट दाखवलं. आता तुझ्या आईचं दुकान डोळ्यांसमोर आण. तिथे प्रत्येक डबीवर आतलं एक बटण बाहेर शिवलेलं असतं, आणि रोजची चार-सहा जातीची बटणं तर डबीतही नसतात, काउंटरवर ट्रेमध्ये उघडी पडलेली असतात. गिऱ्हाईक बोट ठेवतं. ती उचलून हातावर ठेवते, "हेच ना?" विचारते, मग पुडी बांधते. त्या ट्रेशेजारी बसून तू अभ्यास केलास. जेवणाचे प्रकार चार, भिंगरे. चार! त्यांना मिटकी पेटी कशाला लागली तुला?

आजी


६ जुलै

भिंगरे,

मास्तरीणबाई वर आल्या. आवाज अजून घोगरा आहे पण लिहायला आवाज लागत नाही. पहिलं वाक्य त्यांनीच बोलून दाखवलं, "मी परत तक्रार करणार नाही." दुसरं असं, की तो हात "जाऊ द्या" म्हणत होता. मी विश्वास ठेवलाय. बहुतेक.

तुझं पत्र त्यांनी वाचलं. या वेळी घसा खाकरला तो खराच होता. तू लिहितेस, त्याच रात्री बसून खिडकी बदललीस. आता चारही प्रकार उघड्यावर, प्रत्येकापुढे गोल, चाक फिरवलं तरी टिंब हलत नाही. आणि बटण दाबलं की खिडकी आधी विचारते, "या आजींना साधं जेवण, बरोबर?" मी जाऊन बघून आले. चष्मेवाली म्हणाली, दिसायला तेवढं सुटसुटीत नाही. मी म्हटलं, मास्तरीणबाईही निळ्या पडल्या तेव्हा सुटसुटीत दिसत नव्हत्या.

मिटकी पेटी का घेतली त्याचं कारणही तू लिहिलंस. खिडकीत वर डॉक्टरांची पेटी, खोलीची पेटी, एका ओळीत सगळ्या पेट्या, मग जेवणाची वेगळी दिसली असती, साहेबांना आवडलं नसतं. खोल्या तीस आहेत, त्यांना पेटी शोभते. जेवणाला शेजारणीचं बघून शिवलेला अंगरखा घातलास. असो. चाकाचं मात्र तुला ठाऊक होतं, ते तू लिहिलंस हे बरं केलंस. "कोण कशाला फिरवेल, असं वाटलं." मास्तरीणबाईंनी हे वाक्य हळू वाचलं.

पत्राच्या शेवटी लिहितेस, "आईला लिहायला तोंड नाही." तोंडाने कुणी लिहीत नाही. मला बघ, मला तर अक्षरही येत नाही.

तिला मीच सांगितलं. रविवारी आली, स्टुलावर बसली. मी पेटीपासून चाकापर्यंत सगळं सांगितलं. तिने पहिल्यांदा विचारलं ते हे, "मास्तरीणबाई आता कशा आहेत?" मग म्हणाली, "चारच प्रकार? मग डबी कशाला? ट्रेत मांडायचे." तुझ्या कंपनीने तुझ्या आईला पगार द्यायला हरकत नाही.

मी विचारलं, "तू त्या दिवशी चष्मेवालीशी काय कुजबुजत होतीस?"

"कुजबुजत नव्हते. किती बारीक वाटायचं ते विचारत होते. स्क्रीनवर वाटलेलं म्हणजे किती वाटलेलं? डॉक्टर म्हणाले, घरी असं जेवण कोण करून देईल, म्हणून सोडत नाही. मी म्हटलं, मी देईन. मिक्सर घेतला. आठ दिवस रात्री करून बघत होते. सगळ्याची चव सारखीच लागते, आई. तुम्ही कसं खात होतात?"

भिंगरे, मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची गच्ची आणि वाळत घातलेली एक चादर. तरी मी बराच वेळ बघितलं. मग म्हटलं, "मला परत यायचंय. बघू नाही. यायचंय."

ती म्हणाली, "मिक्सरचं काय करायचं आता?"

मी म्हटलं, "मास्तरीणबाई दर रविवारी जेवायला येणार आहेत." मास्तरीणबाईंना हे तेव्हाच कळलं. आत्ताही लिहिताना हसतायत. मागे त्यांनी अडवलेलं वाक्य त्यांना अजून पाठ असेल, या विचाराने मला झोप लागत नाही. तुला कधी सांगणार नाहीत असं वचन घेतलंय. तरी त्यांच्यावर माझं लक्ष आहे.

डॉक्टरांनी काल माझ्याकडे बघितलं, पाटीकडे नाही. मी त्यांच्यासमोर पावाची कड चावून खाल्ली. शनिवारी सोडतायत. तुझी आई दुकान लवकर बंद करून न्यायला येणार आहे.

आता खायला काय पाठवायचं ते नीट ऐक, आणि हे तरी विसरू नकोस. मास्तरीणबाईंसाठी केळी, सालीवर काळे ठिपके आलेली, हिरवी नकोत. माझ्यासाठी भाजलेले खारे शेंगदाणे, टरफलासकट. फोडायचं काम माझं. डब्यात घालू नकोस, काचेसारख्या पिशवीत घाल, वरचे टपोरे आणि खालचे किडके हे मला दिसलं पाहिजे. पोस्टाने आलं तर न उघडता परत पाठवीन. शनिवारी सकाळी पिशवी घेऊन तू स्वतः दुकानात जा, काउंटरवर ट्रेशेजारी ठेव आणि आईच्या हातात दे. ती माझ्यापर्यंत आणेल. दोघी तिथे उभ्या राहून थोडे खाल, हे मी धरलेलंच आहे. तेवढे जास्तीचे घे.